शब्दचर्चा: ‘परतावा’ म्हणजे नेमकं काय?

एडिसन, न्यू जर्सी
आमच्या मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी मी अमेरिकेतल्या करभरणीवर मराठीत चार पानं लिहितेय. ‘स्टेटचा रिफंड फेडरल रिटर्नमध्ये दाखवा’ याचं ‘राज्याचा परतावा संघीय परताव्यात दाखवा’ असं केलं आणि स्वतःच अडखळले. त्यात नाशिकहून आलेले सासरे म्हणाले, ‘परतावा म्हणजे मुदतठेवीवर मिळतो तोच ना?’ एका शब्दाचे तीन अर्थ झाले. काय लिहू?

पुणे
रिटर्नला ‘विवरणपत्र’च लिहा. आयकर विवरणपत्र हा शब्द इथे चांगला रुळलाय. परतावा रिफंडसाठी राखून ठेवा. देखणे-देखावा, सांगणे-सांगावा, तसा परतणे-परतावा. जे आपल्याकडून गेलं तेच परत आलं, हा त्याचा गाभा. ‘परतफेड’ नको, ती कर्जाची. ‘प्रतिपूर्ती’ही नको, ती पदरच्या खर्चाची. औषधांची बिलं कचेरीत दिली की मिळते ती.

गुंतवणुकीवरच्या ‘परताव्या’त मात्र वरकड कमाईचा अर्थ आहे. तुमचे सासरे त्याच अर्थाने बोलले.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
पुणेकरांनी गाभा सांगितला, तिथेच खरी गोम आहे. दर वर्षी कोणीतरी १०९९-जी, म्हणजे राज्याने परत केलेल्या कराची नोंद असलेला सरकारी कागद, हातात धरून विचारतं, ‘परतावा मिळालाय, म्हणजे उत्पन्न वाढलं ना?’ त्या कागदाच्या दुसऱ्या चौकटीत रक्कम छापलेली असते, म्हणून माणूस ती उचलून थेट विवरणपत्रात भरतो. बऱ्याच जणांना एक डॉलरही दाखवायचा नसतो.

स्वतःचाच जादा भरलेला कर परत आला, ही कमाई नव्हे. आदल्या वर्षी तुम्ही प्रमाणित वजावट (सरकारने ठरवून दिलेली ठोक रक्कम) घेतली असेल तर विषय संपला. तपशीलवार वजावट (एकेक खर्च मांडून केलेली) घेऊन राज्याचा आयकर वजा केला असेल, तरच बघायचं. त्या वजावटीने फेडरल कर कमी झाला होता आणि आता त्यातलेच पैसे परत आले, म्हणून जेवढा फायदा झाला तेवढंच उत्पन्नात धरायचं.

उदाहरण देतो. एका जोडप्याने २०२३ साठी राज्याचा आयकर ६,०००, घरपट्टी ३,००० आणि गृहकर्जाचं व्याज २०,००० डॉलर, अशी २९,००० ची वजावट घेतली. एकत्र विवरणपत्राची प्रमाणित वजावट तेव्हा २७,७०० होती. म्हणजे तपशील मांडून जादा मिळाले १,३००. २०२४ मध्ये राज्याने २,००० परत केले. २०२४ च्या फेडरल विवरणपत्रात, शेड्यूल १ या पुरवणीच्या पहिल्या ओळीत, दाखवायचे १,३००च.

राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला तेव्हा १०,००० ची मर्यादा होती, तीही विसरू नका. कोणी १४,००० भरून १०,०००च वजा केले आणि २,००० परत आले, तर काहीच दाखवायचं नाही. १२,००० भरले असते तरी वजावट तेवढीच मिळाली असती.

एडिसन, न्यू जर्सी
हे सोनं आहे, खूप आभार. पण एका मैत्रिणीने पैसे हातात घेतलेच नाहीत, पुढच्या वर्षीच्या करात जमा करायला सांगितले. तरी तिला १०९९-जी आलाच. तिच्या बाबतीत ‘परतावा मिळाला’ म्हणू का?

सॅन होजे, कॅलिफोर्निया
हिशेबाला मिळाल्यासारखाच. त्या चौकटीत परत दिलेली रक्कम येते, तशी पुढे जमा केलेली आणि दुसऱ्या देण्यात वळती केलेलीही येते. ‘मिळाला’ लिहिलंत तर तुमची मैत्रीण म्हणेल, मला कुठे मिळाला, आणि ओळ सोडून देईल. ‘परत मिळालेली किंवा वळती झालेली रक्कम’ लिहा. ‘वळती करणे’ बँकेत रोज कानावर पडतं, कोणालाही कळेल.

राज्याने उशिरा पैसे देऊन वर व्याज दिलं असेल तर ते वेगळं. त्यावर फेडरल कर लागतोच, वजावट कुठलीही घेतलेली असो.

पुणे
भारतातही आयकराच्या परताव्यावरचं व्याज करपात्र असतं, मूळ परतावा नाही. म्हणून ‘परतावा’ आणि ‘परताव्यावरचं व्याज’ हे दोन शब्द कुठेही एकत्र करू नका.

एडिसन, न्यू जर्सी
वाक्य असं केलंय: ‘गेल्या वर्षी तपशीलवार वजावटीत राज्याचा किंवा शहराचा आयकर धरला असेल, तर त्यातली परत मिळालेली किंवा वळती झालेली रक्कम, झालेल्या फायद्यापुरती, यंदाच्या फेडरल विवरणपत्रात दाखवा.’ लांब आहे, पण सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, ‘आणि वजावट धरली नसेल तर?’ तेही खाली जोडलंय.