झिरोला जरूर जा, पण आपातानी आजींचे चेहरे टिपायला नको

खाचरवाट:
मार्चमधला मायोको सण जवळ आला की झिरोच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अरुणाचलच्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यातलं हे आपातानी लोकांचं खोरं. जाहिरातीत चित्र ठरलेलं: नाकपुड्यांत काळ्या चकत्या, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची रेघ असलेली आजी, आणि खाली ‘शेवटची पिढी, लवकर चला’.

हे मला अजिबात पटत नाही. ही प्रथा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली, आणि त्यात आपातानी तरुणांचाच पुढाकार होता. समाजानं विचार करून जे मागे टाकलं, तेच बघायला आपण रांग लावायची?

बघायचंच तर शेती बघा. बैल नाही, नांगर नाही, सगळं काम हातानं. ओढ्याचं पाणी पाटानं आणि बांबूच्या नळ्यांतून खाचराखाचरात फिरवलेलं. त्याच पाण्यात भात आणि मासे, बांधावर नाचणी. पाणी उतरलं की मासे खाचरातल्या चरात जमतात. कोकणात भात लावणाऱ्या माणसाला तिथून हलावंसं वाटणार नाही! 2014 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहे.

रानपाखरू:
तुमची कळकळ पोचली, पण त्या आजींच्या वतीनं तुम्ही का ठरवताय? कॅमेऱ्यासमोर बसायचं की नाही हे त्या ठरवतील. कुणी आनंदानं बसतात, कुणी हातानंच नको म्हणतात. विचारा, नाही म्हणाल्या तर पुढे जा. चेहराच बघायचा नाही असं ठरवलंत तर त्यांच्या तरुणपणाचा सगळा काळच नजरेआड होईल.

आणि शेती तरी कुठे जशीच्या तशी आहे? भाताला माशांची जोड 1960 च्या दशकात मिळाली. म्हणजे हे लोक नवं घेत आलेत, जुनं सोडत आलेत. 2012 पासून तिथे संगीत महोत्सव भरतो, तोही त्यांचाच.

डोंगरकूस:
रानपाखरूंशी अर्धी सहमत. पण महोत्सवाच्या गर्दीतला पैसा गावात किती राहतो, हे ज्यानं त्यानं जाण्याआधी विचारावं. गावातल्या घरी राहा, तिथेच जेवा. मायोकोत डुकराचा बळी असतो. ते सोसणार नसेल तर त्या दिवसांत जाऊ नका, पण यजमानाच्या दारात नाक मुरडू नका. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायचा परवाना, लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनाही सांगते, त्या अटीमुळेच तिथल्या जमिनी आणि गावं थोडीफार शाबूत आहेत.

खाचरवाट:
रानपाखरू, विचारून फोटो काढायला माझी हरकत नाहीच. पण दहाजणांचा गट कॅमेरे सरसावून अंगणात शिरला की म्हातारं माणूस नाही कसं म्हणेल? पाहुण्याला नाही म्हणणं तिथेही जड जातं. मायोकोत तर प्रत्येक घर पाहुण्यांसाठी उघडं असतं.

रानपाखरू:
मग गट लहान ठेवा, सहल कंपन्यांना जाब विचारा. आजींना झाकून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. यावर माझं मत बदललेलं नाही.