मंकचा पियानो तिघांत ऐकायचा की दहा जणांत?

पेटीवाला_जळगाव
नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवतो, भजनी मंडळात साथीला असतो, जॅझ ऐकायला लागून दोनेक वर्षंच झालीत. जॅझ पियानोवाला थेलोनियस मंक, त्याची १९५२ ची ट्रिओची रेकॉर्डिंग ऐकली आणि पार अडकलो, पियानो, बास, ड्रम, तीनच माणसं. हा माणूस शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबतो, म्हणजे पेटीवर पांढरी पाच आणि काळी चार सोबत दाबावी तसं, आमच्या गुरुजींनी लगेच हात उचलायला लावला असता, पण त्याच्या हातात ते बरोबर लागतं. आणि मधे जी जागा मोकळी सोडतो ना, त्या जागेसाठी तर मी ते परत परत लावतो. मग १९५९ चा न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधला कार्यक्रम लावला, दहा वादक, आणि मला नुसती गर्दी वाटली. मंक कुठे आहे तेच शोधत ऱ्हायलो. माझं ऐकण्यात काही चुकून ऱ्हायलंय का मंक लहान ग्रुपमध्येच ऐकायचा?

धुळेकर_ताई
दादा, काही चुकत नाहीये, मी पण लहान ग्रुपवालीच. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनसोबतचं १९५७ चं कार्नेगी हॉलचं रेकॉर्डिंग ऐका, ते कितीतरी वर्षं कोणाला माहीतच नव्हतं, २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टेप सापडली. चौघंच आहेत आणि चौघांचं सगळं ऐकू येतं. मंक कधी कधी साथ सोडून उठायचा, स्टेजवर पाय टाकत फिरायचा, तेवढा वेळ सॅक्सोफोन फक्त बास-ड्रमवर. मोठ्या ताफ्यात प्रत्येकाची ओळ आधीच लिहिलेली, तिथं हा मोकळेपणा कुठून येणार.

अमळनेर_बँड
ताई, इथे थोडं वेगळं सांगतो. आमची तीन पिढ्यांची बँड पार्टी आहे, लग्नसराईत मी ट्रम्पेट धरतो, त्यामुळे एकाच्या बोटातली गोष्ट दहा जणांच्या तोंडात बसवायला काय लागतं ते रोजचं आहे. भाऊ, तुम्ही टाउन हॉलमधलं 'लिटल रूटी टूटी' नीट ऐकलं का? हीच चाल तुमच्या त्या १९५२ च्या ट्रिओमध्ये आहे, आर्ट ब्लेकी ड्रमवर. हॉल ओव्हरटन नावाचा माणूस होता, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत शिकवायचा, त्याने मंकचा ट्रिओमधला पियानोचा सोलो रेकॉर्डवरून सुरासुराने उतरवून घेतला आणि सगळ्या फुंकवाद्यांना वाटून दिला. म्हणजे तिथं तुम्ही पियानो शोधताय आणि तो सात जण मिळून वाजवताय! आता सात कोण ते बघा, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्युबा, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन सॅक्स. खालच्या आवाजाची वाद्यं किती आहेत बघा, मंकच्या डाव्या हाताचं वजन तिथं जातं. आमच्याकडे कॅसिओवरचा एखादा तुकडा क्लॅरिनेट-ट्रम्पेटला द्यायचा झाला तर मास्तर आधी विचारतात श्वास कुठे घ्यायचा, कारण बोटाला श्वास लागत नाही, फुंकणाऱ्याला लागतो. मंकचे ते अडखळल्यासारखे, एकदम तुटणारे सूर सात जणांनी एका वेळी तोडायचे म्हणजे किती दिवस घासलं असेल. तालमी ओव्हरटनच्या सिक्स्थ अव्हेन्यूवरच्या माडीवर व्हायच्या, त्याच इमारतीत राहणारा फोटोग्राफर युजीन स्मिथ टेप चालू ठेवायचा म्हणून त्या तालमींचा आवाजही आज शिल्लक आहे.
पण सगळा मोठा ताफा असाच असतो असं नाही, हेही सांगतो. १९६८ मध्ये ऑलिव्हर नेल्सनच्या मांडणीत मंकने लॉस एंजेलिसला बिग बँडसोबत 'मंक्स ब्लूज' रेकॉर्ड केलं, त्यातल्या दोन चाली तर निर्माता तेओ मसेरोच्या. वाजवणारे पट्टीचे, पण ते लिखाण मंकच्या बोटातून आलेलं नाही, तो त्यात पाहुण्यासारखा बसलाय. म्हणून माणसं मोजू नका भाऊ, कागदावर लिहिलेलं कुठून आलंय ते बघा.
अजून एक, १९५७ चं 'मंक्स म्युझिक' सात जणांचं आहे, आणि सुरुवात 'अबाइड विथ मी' ने, पियानो नाही, बास-ड्रम नाही, फक्त चार फुंकणारे, मिनिटभराच्या आत संपतं. गांधीजींना आवडायची ती प्रार्थना, बीटिंग रिट्रीटला बरीच वर्षं वाजवायचे, आमच्या आजोबांनी ती वहीत उतरवून ठेवलेली. ती चाल बांधणाऱ्याचं आडनावही मंकच, विल्यम हेन्री मंक. माझ्यासाठी तर तेवढं मिनिट पुरे आहे.

लोकोशेड_भुसावळ
बँडवाले भाऊ एकदम बरोबर. 'रूटी टूटी' मंकने पोरासाठी बांधलं, पोराचं लाडाचं नाव टूट, आणि त्यात रेल्वेची शिट्टी आहे. माझा जन्म रेल्वे कॉलनीतला, शिट्टी कानात बसलेली, ट्रिओमध्ये मंक ते दाबलेले कर्कश सूर लागोपाठ तीनदा मारतो तेव्हा लांबून येणारी गाडी वाटते. टाउन हॉलमध्ये तेच सगळे मिळून फुंकतात तेव्हा गाडी प्लॅटफॉर्मवर अंगावर आल्यासारखी. ताई म्हणतात तो मोकळेपणा खराच, पण मोबाइलच्या स्पीकरवर दहा जणांचं ऐकू नका, ट्युबा गायबच होतो. हेडफोन लावा.

पेटीवाला_जळगाव
काल रात्री लाइट आल्यावर हेडफोन लावून दोन्ही पाठोपाठ ऐकलं. भाऊ, सापडला! सोलोची जागा आली आणि मी आधीच सूर म्हणत होतो, ट्रिओ इतक्यांदा ऐकलाय ना, आणि पुढे सातही जण तेच वाजवताय, अंगावर काटा आला. मग पेटी काढली, पहिल्या दोन ओळी बसल्या, तिसरीला बोटं गुंततात, तिथं दोन शेजारचे सूर दाबून लगेच एक सोडायचा आहे, भात्यावरचा हात त्याच क्षणाला आवरावा लागतो. ताई, कार्नेगी हॉलचं पण लावलं, ते वेगळंच काम आहे, त्यावर नंतर लिहितो. आता १९६३ च्या फिलहार्मोनिक हॉलचं लावणार आहे, तिथं ट्युबा आणि फ्रेंच हॉर्न नाहीत, स्टीव्ह लेसीचा सोप्रानो सॅक्स आणि थॅड जोन्सचा कॉर्नेट आहे, मांडणी परत ओव्हरटनचीच. अमळनेरवाले भाऊ, खालची वाद्यं काढल्यावर डाव्या हाताचं वजन तिथं कोणाकडे गेलं असेल, तुम्ही ऐकलंय का?