फी भरली म्हणजे आपण गिऱ्हाईक झालो का?

टेंभूकर:
भाच्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॉलेजं पालथी घातली. गेटवर फ्लेक्स, त्यावर टाय लावलेली पोरं, खाली पॅकेजचा आकडा. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, असं विचारलं तर काउन्सेलर बाई गडबडल्या. प्लेसमेंट मात्र तोंडपाठ.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जातात, ती इथेच शिकावीत, असं तेव्हा सांगितलं गेलं. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, इथेच कॅपिटेशन फी म्हणजे त्या डोनेशनविरोधी कायदा करायची पाळी आली. पुढे टी. एम. ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वाढीपुरती वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. कागदावर झकास.

पण माझं दुखणं नुसत्या पैशाचं नाही. विद्यार्थी गिऱ्हाईक झाला की ‘तुला हे येत नाही’ असं तोंडावर सांगायची मास्तरांची छाती होत नाही. टर्मवर्कला सरसकट पंचवीसपैकी तेवीस. हीच मंडळी उद्या पूल बांधणार.

हिशेबनीस:
टेंभूकर, १९८३ आधीचं चित्र आठवा. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कऱ्हाड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं. तिथे कोणाची पोरं शिकायची? माझ्या गावातून एकही नाही. आमच्या तीर्थरूपांनी रान गहाण टाकून मला शिकवलं. त्यांनी पॅकेज विचारायचं नाही तर काय, ग्रंथालयाची वेळ? ज्याचं घर बापजाद्यांच्या पुण्याईवर चालतं त्याने ज्ञानासाठी ज्ञान घ्यावं, खुशाल.

तासिका_मास्तर:
दोघेही इंजिनिअरिंगपलीकडे जात नाही, म्हणून मध्ये बोलतो. मी सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी. इतिहास शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासावर मानधन. नेमणूक पावसाळ्यात, मार्च सरला की घरी. मानधनाचं बिल प्राचार्यांकडून सहसंचालक कार्यालयात जातं, त्रुटी काढून परत येतं, पुन्हा जातं. दिवाळी त्यातच उरकते. त्याच मजल्यावर बीबीए-सीएचा (कॉम्प्युटरवाल्या बीबीएचा) विनाअनुदानित वर्ग आहे. फी भरपूर, म्हणून प्रोजेक्टर तिकडे. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटल्यावर मात्र फायली रंगवायला आम्हीच. बाजाराला इतिहास नको हे समजू शकतो. पण माझी जागा बाजाराने नाही, सरकारने रिकामी ठेवली आहे. हिशेबनीस, तेवढं लिहून ठेवा.

हिशेबनीस:
लिहून ठेवलं. आता माझं ऐका. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी काय मांडलं? महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आजही सरकारी पैशावर पदवी घेऊन जो परदेशी जातो, त्याची फी शेतमजुराने साबण-काडेपेटीवरच्या करातून का भरायची? ज्याला लाभ, त्याने भरावं.

टेंभूकर:
अर्धेच फुले वाचलेत. प्राथमिक शिक्षणाला आधी पैसा द्या, हे खरंच. पण त्याच निवेदनात त्यांनी हेही बजावलं की सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतलं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सरकारचा निःपक्षपातीपणाही धोक्यात येईल. म्हणजे खर्चाची दिशा बदला. दुकान दुसऱ्याला चालवायला द्या, असं नव्हे.

कृष्णाकाठची:
फुल्यांवरून भांडून झालं असेल तर आजचं बोलू? २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ. निर्णय चांगला, माझ्या चुलत बहिणीने त्यावरच प्रवेश घेतला. पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, आलात तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. शिवाय मेस, खोली, एसटीचा पास आपलाच. तिच्या कॉलेजात काउंटरवर उत्तर मिळालं, ‘आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ.’ बाप ऑफिसबाहेर बाकावर बसलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात उत्पन्नाचा दाखला नि डोमिसाईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ काढलं तेव्हा पोरगं श्रम करून स्वाभिमानाने शिकत होतं; इथे माफी असूनही हात पसरावे लागतात.

हिशेबनीस:
हे मात्र चूकच. ‘आधी भरा’ म्हणणाऱ्यावर कारवाई व्हावी. पण ताई, हा बाजाराचा दोष नाही, वेळेवर पैसे न देणाऱ्या सरकारचा आहे. आणि फ्लेक्सवरच्या आकड्याला भुलू नका. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती देतात तीत किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे असतं. वेबसाइटवर उघडं आहे. भाच्याला घेऊन तेवढं बघा.

टेंभूकर:
बघतो. एका पोराचा चाळीस लाखांचा आकडा फ्लेक्सवर लावून बाकीच्यांचा पगार झाकायचा, ही थाप तरी त्यातून उघडी पडेल. पण तासिका मास्तरांचा वर्ग त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायचा, तेही सांगा.

तासिका_मास्तर:
रकाना राहू द्या. आधी बिल पास होऊ द्या.