मॅच नेरुळला, गाड्या आमच्या गेटवर

(नेरुळमधल्या एका सोसायटीचा ग्रुप, २६ नोव्हेंबर २०२५, रात्री)

जोशी काका, बी ६०२: झालं शिक्कामोर्तब! २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला. आज ग्लासगोत ठरलं. १९३० ला कॅनडात हॅमिल्टनला सुरू झाली होती, म्हणजे शंभरावं वर्ष आपल्याकडे 👏

कुलकर्णी काकू, ए १०३: बरं झालं बाई, गाड्या तिकडेच लागतील. आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल झाली, त्या दिवशी आपल्या गेटसमोर कुणीतरी गाडी आडवी लावून गेलं ते मध्यरात्रीनंतर उगवलं. ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रिक्षा कोपऱ्यावर सोडून चालवत आणावं लागलं. वॉचमन म्हणतो, "मी काय करू, हॉर्न वाजवू?"

स्वाती, सी ३०४: काकू, त्रास झालाच, खोटं नाही. पण मी आत होते. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली, तरी स्टँडमधून कुणी हललं नाही. शफाली ८७, मग दीप्तीच्या ५ विकेट्स, आणि शेवटचा झेल हरमनने मागे पळत जाऊन घेतला. माझ्या शेजारच्या आजी खुर्चीवर उभ्या! कोच कोण, तर अमोल मुझुमदार. रणजी ट्रॉफीत धावांचा डोंगर रचूनही भारताची कॅप न मिळालेला माणूस. त्या रात्री बायकांच्या मॅचला पब्लिक येत नाही म्हणणारे कुठे होते?

रोहन, बी ११०१: ताई, ही मॅच आपल्याला आयतीच मिळाली. बंगळुरूला व्हायच्या मॅचेस होत्या. ४ जूनला तिथल्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, त्यानंतर ऑगस्टमध्ये इकडे आल्या.

म्हात्रे दादा, डी २०१: हेच तर. आत सगळा चकाचक, नि गेटाभायेर पोलीस नि पब्लिक कसा सांभालायचा, ते कोन बघतंय का?

रोहन: आणि नुसतं क्रिकेट नाही हं. २०१७ ला फुटबॉलच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमी इथेच, स्पेन विरुद्ध माली. २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ ची फायनल पण इथेच, स्पेनने कोलंबियाला हरवलं. त्याच वर्षी जानेवारीत महिलांचा एशियन कप होता. आपल्या टीममध्ये इतक्या जणींना कोविड झाला की तैपेईविरुद्ध नियमाला लागतात तेवढ्या किमान तेरा जणी पण उभ्या करता आल्या नाहीत. यजमान आपण, आणि स्पर्धेतून बाहेर पण आपणच 😞

जोशी काका: पैशाचं बोला कुणीतरी. माँट्रियलने १९७६ चं ऑलिंपिक घेतलं, कर्ज फिटलं २००६ ला. लॉस एंजेलिसने १९८४ ला नफा काढला, कारण स्टेडियम होतं १९३२ च्या ऑलिंपिकचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने २०२६ ची राष्ट्रकुल खर्चाला घाबरून २०२३ मध्ये सोडून दिली. ग्लासगोने घेतली, पण दहाच खेळ ठेवून. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन सगळं कटाप. आपली पदकं कुठून यायची?

स्वाती: दिल्लीत २०१० ला १०१ पदकं आली होती ना काका?

जोशी काका: आली. पण उद्घाटनाच्या काही दिवस आधी स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला होता, लोकांना तेच आठवतं. माझं म्हणणं एवढंच, आधी असेल तेच वापरा. बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. नेरुळचं पण तेच. नवीन वीट न लावता वर्ल्ड कप फायनल झाली. आता २०३६ चं ऑलिंपिक मागतोय आपण, ते मिळालंच तर असाच हिशोब व्हावा.

म्हात्रे दादा: व्हावा. पन स्पर्धा आली का डिव्हायडर रंगतान, झाडांच्या कुंड्या येतान. आठवड्यान कुंड्या गायब 😂

कुलकर्णी काकू: कुंड्या राहू द्या. पुढच्या मॅचच्या आधी ट्रॅफिक पोलिसांना पत्र देऊ. आपल्या गल्लीत नो पार्किंगचे कोन लावा आणि रहिवाशांना पास द्या. मजकूर मी लिहिते, स्वाती तू टाइप कर.

स्वाती: करते काकू. पण अँब्युलन्सला वाट ठेवायचं पहिल्या ओळीत घाला, पास नंतर.

पाटील, सेक्रेटरी: चांगली सूचना. सोसायटीच्या लेटरहेडवर देऊ. सगळ्यांनी उद्या सह्या कराव्यात, रजिस्टर वॉचमनकडे आहे.

रोहन: काका, रजिस्टर तिथे आहेच तर अजून एक. गार्डनमधला "क्रिकेट व फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई" बोर्ड कधी काढणार? फायनलनंतर सी विंगच्या तीन मुली बॅट घेऊन खाली आल्या होत्या, त्यांना हाकललं.

कुलकर्णी काकू: माझ्या खिडकीची काच कोण भरून देणार?

रोहन: काकू, टेनिस बॉलने खेळतात हो त्या.

पाटील, सेक्रेटरी: हा विषय एजीएमला घेऊ.

म्हात्रे दादा: मागच्या एजीएमला पन घेतला व्हता 🙏