फेरफाराची नोटीस सोपी करावी की आहे तशीच ठेवावी?

चावडीवाचक
सातबाऱ्यावर नवं नाव चढण्याआधी, म्हणजे फेरफार पक्का होण्याआधी, हितसंबंधितांना नोटीस जाते. तिची भाषा साधारण अशी: ‘सदर नोंदीबाबत आपली हरकत असल्यास नोटीस प्राप्त झाल्यापासून १५ दिवसांचे आत सादर करावी; अन्यथा आपणांस नोंद मान्य आहे असे गृहीत धरून ती प्रमाणित करण्यात येईल.’

सादर कुणाकडे करायची? प्रमाणित कोण करणार? आणि गप्प बसलात तर होकार धरणार, ही सगळ्यात मोठी गोष्ट ‘अन्यथा’च्या मागे दडलेली. माझा मसुदा:

‘गट नंबर … च्या सातबाऱ्यावर … यांचं नाव लावायचं आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लिहून द्या. काहीच कळवलं नाही तर तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल.’

कलम१५०
वाचायला गोड, पण दोन ठिकाणी गोत्यात आणणारा मसुदा. ‘म्हणणं’ म्हणजे ‘हरकत’ नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हरकत आली की तलाठ्याला ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवावी लागते आणि लगेच लेखी पोच द्यावी लागते. ‘म्हणणं’ नुसतं ऐकून घेतलं तरी भागतं.

दुसरं, हरकत तोंडीही चालते, असं तेच कलम सांगतं. तुमच्या ‘लिहून द्या’नं ज्याला लिहिता येत नाही त्याचाच हक्क गेला! क्लिष्ट शब्द काढताना कायदाही निघून जातो, तो असा.

चावडीवाचक
‘लिहून द्या’ ही चूकच. ‘तोंडी किंवा लेखी हरकत सांगा आणि पोच घ्या’ असं करू. ‘हरकत’ शब्द राहू दे, तो गावात कुणाला नवा नाही. पण ‘करण्यात येईल’चा बचाव यातून होत नाही. नोंद प्रमाणित मंडळ अधिकारी करतो, तर तसं छापा. आणि तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. कागदावर नवं नाव टाका, पण शेजारी ‘तलाठी’ही हवंच, नाहीतर माणूस भलत्याच टेबलाशी जाऊन उभा राहील.

अनुस्वार
‘सदर’, ‘अन्यथा’ यांच्यामागे उगाच लागलात. अनोळखी शब्द दिसला की माणूस कुणाला तरी विचारतो. घात करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. वारसाच्या नावापुढे ‘अज्ञान’ दिसलं की लोकांना वाटतं, अडाणी म्हटलंय. महसुली कागदात त्याचा अर्थ १८ वर्षांखालचा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अशा वारसाचा पालक, हे तर फोड केल्याशिवाय कळायचंच नाही.

शिवाय ही नोटीस पुष्कळ घरांत एकजण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्याला मागच्या ओळीवर परत जाता येत नाही. म्हणून मुदत पहिल्या वाक्यात घ्या, एका वाक्यात एकच क्रिया ठेवा. मसुदा तपासायचा तर ऐकवून तीन प्रश्न विचारा: काय करायचं, कुठे जायचं, कधीपर्यंत? ‘समजलं का?’ विचारू नका; सगळे हो म्हणतात.

एक मात्र जपा. ‘सादर करावी’चं ‘द्या’ केलंत की वयस्कर माणसाला दरडावल्यासारखं वाटतं. ‘द्यावी’ म्हटलं तर सोपंही राहतं आणि आबही राहतो.

कलम१५०
ऐकणारे ठीक, पण या कागदाचा आणखी एक वाचक आहे. उद्या अपील झालं तर प्रांत (उपविभागीय अधिकारी) हीच नोटीस हातात घेऊन बघणार: बजावली कधी, मुदत कुठून मोजली, काय कळवलं होतं. त्याला ठरलेले शब्द लागतात. म्हणून खाली कायद्याचा मजकूर तसाच ठेवा, वर चौकटीत चार सोप्या ओळी द्या. चौकटीत शेवटच्या तारखेची जागा कोरी सोडा. बजावणाऱ्यानं पोचेवर सही घेताना ती भरावी.

चावडीवाचक
एकाच कागदावर दोन मजकूर? वर ‘तोंडी चालेल’ आणि खाली नुसतं ‘सादर करावी’ असं निघालं, तर प्रांतासमोर कुठलं वाक्य धरायचं?