आमच्या छोट्या बोन्साय क्लबचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

कुंडीवाली
नमस्कार मंडळी. आमचा बोन्साय क्लब अगदी छोटा आहे, सगळे मिळून चौदा जण, त्यातले नेमाने येणारे आठ-नऊ. सुरू झाला तेव्हा चौघंच होते, एकाच्या गच्चीवर जमायचे आणि कॉन्केव्ह कटर (फांदी खोलगट कापायचं हत्यार) सगळ्यांत मिळून एकच होता. त्या चौघांपैकी आता दोघंच आहेत आणि दोघंही थकलेत, म्हणून ठरलं की क्लबचा इतिहास लिहून ठेवायचा आणि ते काम आलंय माझ्याकडे. फोटो ढीगभर आहेत पण एकावरही तारीख नाही, एक जुनी वही आहे त्यात नुसती हजेरी. यातून काय लिहू?

आणि दुसरं म्हणजे नवीन लोक येतात, दोन-तीन मीटिंगा बसतात आणि मग दिसत नाहीत. तुमच्याकडे काय काय करता ते पण सांगा प्लीज.

वडाची पारंबी
ताई, माझं ऐकाल तर हजेरीची वही बाजूला ठेवा आणि झाडांपासून सुरुवात करा. आमच्या क्लबात एक फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आहे, त्याच्या डावीकडच्या खालच्या फांदीवर गोल गोल वर चढत गेलेला वण आहे. ज्यांनी तिला वळण द्यायला तार बांधली ते मध्येच आजारी पडले आणि दुसऱ्याच्या झाडाला हात कसा लावायचा म्हणून आम्ही बाकीचे नुसते बघत राहिलो, फायकस तर वाढीच्या दिवसांत इतकं भराभर जाड होतं की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. ते बरे होऊन आले आणि काही न बोलता फांदीवरून बोट फिरवत बसले, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून आमचा नियम आहे की तार बांधली की कुंडीला तारखेची चिठ्ठी लावायची आणि तार रुतायला लागलेली ज्याला दिसेल त्याने ती काढायची, मग झाड कोणाचंही असो. काढायची म्हणजे उलगडायची नाही, कटरने तुकडे तुकडे करून काढायची, उलगडताना फांदी मोडते.

आता बघा, हा एक वण म्हणजे आमच्या क्लबच्या इतिहासाचं आख्खं पान आहे. म्हणून आम्ही प्रत्येक झाडाची वेगळी वही केली, कुंडी कधी बदलली, मुळं किती कापली, कुठली फांदी कोणी काढली आणि का. झाड एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की वही पण सोबत जाते.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. जपानने 1976 मध्ये अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिले, त्यात यामाकी कुटुंबाचा एक व्हाइट पाइन होता, 1625 पासून घडवत आणलेला. 1945 मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा हे झाड तिथून साधारण तीन किलोमीटरवर यामाकींच्या नर्सरीत होतं, भिंतीच्या आडोशाने वाचलं. पण वॉशिंग्टनच्या बोन्साय म्युझियमला ही गोष्ट कळली 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा! पंचवीस वर्षं लोक यातलं काही माहीत नसताना त्या झाडाला रोज पाणी घालत होते. एवढ्या मोठ्या संस्थेत असं होतं तर आपल्या चौदा जणांच्या क्लबात किती गोष्टी अशा हरवत असतील.

मॉसवाला
नवीन लोकांबद्दल माझा अनुभव. आम्ही आधी नुसते डेमो करायचो, एक जण टेबलावर काम करणार आणि बाकीचे बघणार, त्याने कोणी टिकत नाही. आता पहिल्याच दिवशी हातात नर्सरीतलं साधं रोप आणि कात्री देतो आणि शेजारी एक जुना मेंबर बसवतो. झाड घरी नेलं की प्रश्न पडतातच आणि प्रश्न घेऊन माणूस परत येतो.

दुसरं म्हणजे रिपॉटिंग, म्हणजे मुळं छाटून माती-कुंडी बदलणं, सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. पानगळ होणाऱ्या झाडांचं नवीन कळ्या फुगायला लागल्या की, फायकससारख्यांचं उबदार दिवसांत. एक जण माती चाळतो, एक भोकांवर जाळी बसवतो, एक बांबूच्या काडीने मुळं मोकळी करतो. मुळांचा गड्डा सोडवताना जेवढं शिकायला होतं तेवढं वर्षभराच्या गप्पांत होत नाही. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बोन्साय दिन असतो, त्या दिवशी झाडं बाहेर मांडा, बघणाऱ्यांतूनच एखादा मेंबर मिळतो.

जुनी साल
वरच्या दोघांशी सहमत आहे पण माणसं सोडू नका हो. ते दोघं आहेत तोवर त्यांच्याकडे जा. आणि जाताना झाड घेऊन जा! नुसतं "क्लब कसा सुरू झाला" विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर येतं, झाड समोर ठेवलं की हात आपोआप फांदीकडे जातो आणि माणूस बोलायला लागतो. फोनवर रेकॉर्ड करा, मध्ये बोलू नका. चौघांनी सुरू केला हे छोटं समजू नका, अमेरिकेतले नावाजलेले बोन्साय गुरू जॉन नाका यांनी पण 1950 मध्ये चार मित्रांना घेऊनच कॅलिफोर्नियात क्लब काढला होता.

त्यांचंच 'गोशिन' हे झाड, म्हणजे झाड कसलं, एकाच ट्रेमध्ये लावलेलं अकरा ज्युनिपरचं (सुरूसारखी सदाहरित झाडं) जंगल आहे, एकेका नातवंडासाठी एकेक. तसं क्लबचं जंगल लावा, प्रत्येकाने एक रोप आणायचं आणि एकाच उथळ ट्रेमध्ये बसवायचं. ज्याचं रोप त्यात आहे तो माणूस सहसा क्लब सोडत नाही. फक्त सगळी एकाच जातीची घ्या, नाहीतर एकाला पाणी जास्त लागणार, एकाला कमी, आणि दोन्ही जाणार.

कुंडीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एका काकांकडे गेले होते, क्लबचं सगळ्यात जुनं ज्युनिपर मांडीवर धरून. त्याचा शेंड्याचा भाग वाळलेला पांढरा आहे, मला वाटायचं मुद्दाम साल सोलून 'जिन' केलंय, म्हणजे झाड जुनं दिसावं म्हणून वाळकं लाकूड उघडं ठेवलंय. काका म्हणाले, नाही गं, त्या वर्षी मुळं जास्त कापली गेली माझ्याकडून, शेंडा वाळला, बाकीच्या तिघांनी मिळून झाड वाचवलं आणि मग चौघांनी मिळून तो शेंडा सोलला. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. आज त्या ज्युनिपरची वही सुरू केली, पहिल्या पानावर तेच लिहिलंय. जंगलासाठी रोपं बघायला रविवारी जातोय, चौदातले अकरा जण हो म्हणालेत.