शाळेपासूनचं गुडघेदुखणं, हाडाचा डॉक्टर की फिजिओ?

कडकभाकरी: आठवीत खोखो खेळायचो तेव्हापासून दोन्ही गुडघे दुखतात, आता वय ३४. वाटीच्या खाली टणक गाठ आहे, गुडघा टेकवला की कळ येते, आणि गड्ड्याच्या जत्रेत दिवसभर फिरलो की रात्री झोपेचं खोबरं. मम्मी म्हणते वात आहे, तेल लाव. सोलापुरात आधी कुणाला दाखवू?

पार्क_चौक: गाठ नडगीच्या हाडावर आहे का बे? मग ऑसगुड-श्लॅटर असू शकतं. साधारण १० ते १५ वयात पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पोरांना होतं, मांडीचा स्नायू ती जागा सारखा ओढत राहतो आणि हाड तर तेव्हा कोवळंच असतं. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं, गाठ राहते. तुझं अजून चालूच आहे म्हणजे हाडाच्या डॉक्टरकडं जाऊन एक्सरे काढ, कधीकधी हाडाचा सुटा तुकडा राहिलेला असतो.

शेंगाचटणी: जिना उतरताना किंवा एसटीत लांब बसल्यावर वाटीमागं दुखतं का? माझं तसं होतं. फिजिओनं मांडीचे आणि कमरेचे व्यायाम दिले, पडून सरळ पाय उचलायचा वगैरे. महिनाभर काहीच फरक नाही वाटला, नंतर हळूहळू जिना जमायला लागला. सोडलं की परत दुखतं ही कटकट आहेच.

आप्पा६२: तेल लाव की, बरं वाटतं. पण मेडिकलातून रोज पेनकिलर आणून खाऊ नकोस, पोट आणि किडनीची वाट लागते. गुडघा सुजला किंवा अडकला तर थांबू नको.

कडकभाकरी: जिना उतरताना पण दुखतं ओ ताई. आधी एक्सरे काढतो.